इंजिनातलं बडोद्याचं कडं

लोक परदेशात देश बघायला जातात. मी पोळ्या करायला गेले.

माझी मुलगी वैशाली बडोद्याच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीच्या कामासाठी ती चेक देशात गेली होती. तिथे कारखान्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि पायाचं हाड मोडून बसली. काम अर्ध्यावर, म्हणून परत येता येईना. जावई रिफायनरीत पाळीवर, नातीची बारावी. घरात रिकामं माणूस मी. सत्तरी उलटल्यावर माझा पहिला पासपोर्ट निघाला आणि त्यातल्या फोटोत मी चोरासारखी दिसते.

परत आल्यापासून भजनी मंडळातल्या बायका विचारतात, "कसं होतं हो तिकडे?" एकेकीला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढते आहे. मी चौथी शिकलेली आहे. शुद्धलेखनाच्या चुका नातीने काढल्या, मजकुराला मी हात लावू दिलेला नाही. कंपनीचं नाव लिहायचं नाही असं वैशालीने बजावलं आहे. त्या गावाचं नाव मला उच्चारताच येत नाही, म्हणून तेही लिहीत नाही.

अहमदाबादचा विमानतळ

विमानप्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसायला अरुंद, खायला गार, आणि खिडकीबाहेर बघावं तर कापूस. पण अहमदाबादला माझं लाटणं गेलं ते लिहिते. ते मी हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. तपासणीच्या मुलीने ते बाहेर काढलं आणि म्हणाली, "बा, आ अंदर नहीं जाय."

"का गं?"

"हथियार गणाय."

"अगं, माझ्या सासूने सुद्धा ते हत्यार म्हणून वापरलं नाही."

ती हसली, मागे उभी असलेली माणसं हसली, पण लाटणं तिने दिलं नाही. पोळपाट मोठ्या बॅगेत होता, तो पोहोचला. लाटण्याशिवाय पोळपाट म्हणजे नुसती लाकडाची चकती.

गाव

प्रागहून गाडीने बराच वेळ गेलं की टेकड्या लागतात, आणि टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत हे गाव आहे. लाल कौलांची घरं, मधून वाहणारी अरुंद नदी, एका टोकाला कारखाना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं होती आणि खाली सफरचंदांचा सडा पडला होता. कोणी उचलत नव्हतं. मी पदरात भरून आणली. वैशाली म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणाले तरी मला कुठे कळणार आहे?"

कारखान्याच्या लोकांसाठी बांधलेल्या चार मजली इमारतीत वैशालीला फ्लॅट दिला होता. या लोकांच्या दोन गोष्टी मला पहिल्याच दिवशी आवडल्या. एक, घरात शिरताना चपला-बूट दारात काढतात. पाहुण्यांसाठी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात. गोरी माणसं बूट घालून पलंगापर्यंत जातात असं मला सांगण्यात आलं होतं, ते इथे तरी खोटं निघालं. दुसरी, लिफ्टमध्ये कोणीही शिरलं की "दोब्री देन" म्हणतं. ओळख असो नसो. मग सगळे गप्प उभे राहतात. बडोद्यात लिफ्टमध्ये कोणी अनोळखी नमस्कार करत नाही, पण ओळखीचं भेटलं तर खाली उतरेपर्यंत त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलं आहे ते आपल्याला कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट आवडायला वेळ लागला. त्यांचा पहिला शब्द 'ने'. म्हणजे नाही. दुकानात खूण करून दही मागितलं, 'ने'. औषधवाल्याला चिठ्ठी दाखवली, 'ने'. मला वाटलं, माणूसघाणी जात दिसते. मग लक्षात आलं की 'ने' म्हटल्यावर तो माणूस पाठ फिरवत नाही. तिथेच उभा राहून विचार करतो, आणि मग काय होऊ शकेल ते दाखवतो. आपल्याकडे उलटं आहे. खंडेराव मार्केटात सुरण मागा. नसला तरी भाजीवाला म्हणेल, "छे, बेन, बेसो." म्हणजे आहे, बसा. आणि शेजाऱ्याच्या टोपलीतून आणून पुढे ठेवेल. तिथेही नसेल तर रताळी कशी गोड आहेत ते सांगेल, पण नाही म्हणणार नाही. नाही म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलणं. रस्ता विचारला तर ज्याला ठाऊक नाही तोही हात करून दाखवतो, आणि आपण दोन गल्ल्या चालल्यावर पुन्हा विचारतो. यात कोणाला फसवायचं नसतं. माणूस दारी आला तर त्याला रिकामं कसं पाठवायचं, एवढंच असतं.

खाण्याचं म्हणाल तर त्यांचा पाव चांगला, आंबूस, आत जिऱ्यासारखे दाणे. कणकेचा जाड रोल वाफवून त्याचे काप करतात आणि मांसाच्या रश्शाबरोबर खातात. मी रस्सा सोडून नुसता काप खाल्ला. ढोकळ्याचा बेचव भाऊ म्हणावा. पण अख्खं प्लम आत घालून उकडलेले गोळे खाल्ले, वर वितळलेलं लोणी आणि खसखस, ते मात्र मोदकाच्या जवळचे होते. तळमजल्यावरच्या यार्मिलाने आणून दिले होते. खसखस एवढी सढळ घालतात की आपल्याकडे तेवढ्यात साऱ्या गल्लीचे अनारसे होतील.

काम

यार्मिलाचा नवरा मिलान. साठीचा, उंच, वाकलेला, मिशा पिवळट. तो आणि वैशाली एकाच इंजिनावर काम करत होते, तो तिकडच्या बाजूने, ही इकडच्या.

माझे यजमान प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे चाक, धुरा, बेअरिंग हे शब्द मी आयुष्यभर जेवणाबरोबर ऐकले. पण विमानाचं काही कळत नव्हतं. मी वैशालीला म्हटलं, "एकदा मला नीट सांग. तू इथे नक्की काय करतेस?"

तिने सांगितलं ते असं. हे इंजिन लहान विमानांसाठी आहे. सत्तर-ऐंशी माणसं बसतील, लहान गावांहून मोठ्या गावांना जातील, अशी विमानं. एका देशाला ते झेपणारं नाही, म्हणून दोघांनी मिळून करायचं ठरलं. इंजिनाचं पोट, जिथे जाळ होतो, ते चेक लोकांचं. मागचे काही भाग बडोद्याचे. त्यात सगळ्यात नाजूक म्हणजे एक मोठं कडं. त्या कड्याच्या आत पात्यांचं चाक फिरतं. पाती आणि कडं यांच्यात केसाएवढी फट. फट जास्त झाली तर इंजिनाचा जोर वाया जातो, फट संपली तर पाती घासतात.

"म्हणजे डबा आणि झाकण," मी म्हटलं.

"हो. पण डबा भट्टीत आहे आणि झाकण भिंगरीसारखं फिरतंय."

चाचणी चालू असताना पाती घासली होती. इंजिन बंद करून उघडायचं ठरलं. पण त्यांच्यात नियम आहे, दोन्ही घरची माणसं समोर उभी असल्याशिवाय एक बोल्टसुद्धा फिरवायचा नाही. म्हणून वैशाली पाय प्लास्टरमध्ये घालून रोज चाकाच्या खुर्चीतून कारखान्यात जायची. फाटकापर्यंत मी ढकलायची. तिथे मिलान यायचा, टोपी काढून मला "दोब्री देन" म्हणायचा आणि खुर्ची माझ्या हातातून घ्यायचा. पुढे मला जायची परवानगी नव्हती.

कडं बाहेर काढलं तेव्हा ते गोल राहिलेलं नव्हतं. डोळ्यांना दिसेल एवढं वाकडं नाही, पण मोजायच्या यंत्राला दिसलं. तिथून भांडण सुरू झालं. बडोद्याचे साहेब फोनवरून म्हणायला लागले, कडं उत्तम होतं, ज्या पकडीत ते बसवलं त्या पकडीने त्याला पिळलं. चेक म्हणायला लागले, पकड बरोबर आहे, कडंच उष्णता सोसू शकलं नाही. पकड मिलानच्या विभागाची. कडं वैशालीच्या.

मला आम्हा दोघी जावांची होळी आठवली. पुरण तिचं, कणीक माझी. पोळी तव्यावर फुटली की ती म्हणायची कणीक सैल, मी म्हणायची पुरण ओलं. पोळी फुटलेली ती फुटलेलीच, पण जोपर्यंत कोणी कबूल होत नाही तोपर्यंत पुढचीही फुटणार.

"मग चूक कोणाची?" मी विचारलं.

वैशाली म्हणाली, "आमची."

त्याच वर्षी उन्हाळ्यात दोन्ही बाजूंची स्क्रीनवर मीटिंग झाली होती. चेक लोकांनी विचारलं होतं, इंजिन आधी ठरलं त्याहून जास्त तापवायचं आहे, तुमचं कडं टिकेल का? वैशालीचे साहेब, पारेखसाहेब, लगेच म्हणाले, टिकेल, काही प्रश्न नाही. वैशाली त्यांच्या शेजारी बसली होती. कडं जुन्या उष्णतेपर्यंतच तपासलेलं आहे हे तिला ठाऊक होतं. मीटिंग संपल्यावर तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "थई जशे, वैशालीबेन. हवे ना पाडीए तो खराब लागे." होऊन जाईल, आता नाही म्हटलं तर वाईट दिसेल. नवं कडं तपासायला वेळच मिळाला नाही. आणि आता साहेब म्हणत होते की पकडीवरच बोट ठेवायचं.

"मिलान पुढच्या वर्षी निवृत्त होतोय," ती म्हणाली. "पकडीवर ठपका आला तर तो घेऊन घरी जाईल."

"आणि कड्यावर आला तर?"

"कडं दुसऱ्या कंपनीला देतील. जिथे कडं बनतं ती छाणीची आपली शेड बंद. तिथली माणसं घरी. पारेखसाहेबांच्या नंतर त्यांच्या जागेवर मला बसवणार होते, ते तर विसरायलाच हवं."

मी तिला म्हटलं, "तू गप्प बस. साहेबांनी हो म्हटलंय, साहेबांनी निस्तरावं. तुला कोणी विचारलेलं नाही."

"तू असं सांगतेस? तू तर कोणाच्याही तोंडावर बोलतेस."

"मला नोकरी नव्हती," मी म्हटलं. "मला तोंड चालवायला परवडलं."

हे मी तेव्हा खरं बोलले आणि आजही त्यात मला काही चूक वाटत नाही. छाणीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या बायका मला भेटतात. त्यांच्यापैकी कोणाला मिलान कोण ते माहीत नाही.

जंगल

एका रविवारी यार्मिला मला जंगलात घेऊन गेली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. पण दोन म्हाताऱ्यांना टोपली आणि चाकू दिला की भाषेचं काम फारसं पडत नाही. तिकडे पावसाळी हवा झाली की सगळा गाव जंगलात अळंबी वेचायला जातो. म्हातारे, पोरं, कुत्री. आपण ज्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो आणि लाथेने उडवतो, त्यांच्यासाठी हे लोक पहाटे उठतात.

जंगल उंच, सरळ झाडांचं. खाली शेवाळ गादीसारखं, पाय टाकला की आत जातो. पक्षी कमी, आवाज जवळजवळ नाही. मला ते फार बरं वाटलं असं लिहिणार नाही. थंडीने माझे गुडघे धरले होते आणि साडीचा काठ ओला झाला होता. मोज्यांवर वैशालीचे बूट घातले होते. यार्मिलाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वतःचा लोकरी कोट मला घातला. तो मला गुडघ्यांच्या खाली आला.

ती प्रत्येक अळंबी उचलून उलटी करायची, वास घ्यायची, चाकूने थोडी कापून रंग बघायची. मग टोपलीत. मला एक सुरेख सापडली, तपकिरी, गुबगुबीत. मी ऐटीत दाखवली. तिने उलटी केली, पुन्हा उलटी केली, भुवया जवळ आणल्या. "ने," म्हणाली आणि फेकून दिली. मी खूण करून विचारलं, विषारी? तिने खांदे उडवले. विषारी आहे असंही नाही. तिला खात्री नव्हती, एवढंच. माझी एवढी मोठी अळंबी नुसत्या खात्री नसण्यावर गेली.

परत आल्यावर तिने त्यातली अर्धी टोपली मला दिली. मी हात जोडले, तिच्यासारखंच "ने" म्हटलं. ती मोठ्याने हसली. मग आत गेली आणि तिचं लाटणं घेऊन आली. जाड, दोन्हीकडे मुठी, मधला भाग गरगर फिरणारा. मी बाटलीने पोळ्या लाटते हे तिने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं असणार. त्या लाटण्याने पोळी गोल येईना. ते आपल्याच मनाने धावतं. पण बाटलीपेक्षा बरं.

पाहुणे जेवायला

पारेखसाहेब स्वतः आले. दुसऱ्या दिवशी मोठी मीटिंग होती, त्यात ठपका कोणावर ते ठरणार होतं. वैशालीला खुर्चीतून पुन्हा बाहेर पडणं अवघड, म्हणून साहेब संध्याकाळी फ्लॅटवर आले. मिलानलाही बोलावलं होतं. साहेबांचीच ती कल्पना. मीटिंगच्या आधी एकत्र जेवलं की माणसं नरम पडतात, असं त्यांचं म्हणणं. यार्मिला बहिणीकडे गेली होती.

पारेखसाहेब वाईट माणूस नाहीत. गोल चेहरा, हसरे, माझ्या पाया पडले. सोबत भाकरवडीचं पाकीट आणलं. "मासी, बडोदानी याद आवशे," म्हणाले. मी तूरडाळीची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर केली होती. पोळ्या वाकड्या झाल्या होत्या. साहेब म्हणाले, "नकाशा छे, मासी?" मी म्हटलं, "हो. तुमच्या ताटात कोणता देश आलाय बघा आणि गप खा."

मिलान चमच्याने आमटी पीत होता. तिखटाने त्याचे डोळे पाणावले होते, पण तो थांबत नव्हता. जेवता जेवता साहेब वैशालीकडे वळले आणि गुजरातीत म्हणाले, "काले फक्त पकडनी ज वात करवानी. बीजुं कंई नहीं. समज्यां ने?" उद्या फक्त पकडीचंच बोलायचं, दुसरं काही नाही. हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, जणू मिलानला भाजी आवडली का ते विचारताहेत. मिलानही त्यांच्याकडे बघून हसला. गुजराती त्याला कुठून कळणार?

ते हसणं मला बरं वाटलं नाही. एखाद्याच्या पुढ्यात बसून, त्याच्याच ताटाकडे हात करून, त्याला न कळेल अशा भाषेत त्याच्याबद्दल बोलायचं. सासरी आमच्या वाटेला हे पुष्कळ आलेलं आहे. मी पोळी वाढायला उठले.

मी पाठमोरी असतानाच वैशालीने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. सावकाश, एकेक वाक्य. मला इंग्रजी येत नाही. मी वळले तेव्हा पारेखसाहेबांच्या हातातला घास हातातच होता. त्यांचं हसू गेलं नव्हतं, पण ते विसरून राहिल्यासारखं चेहऱ्यावर पडलेलं होतं. मिलानने चमचा खाली ठेवला. काही विचारलं, अगदी थोडकं. वैशालीने उत्तर दिलं. मी तव्यावरची पोळी जळू दिली नाही, एवढंच माझं त्या वेळचं काम.

वैशालीने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, कडं आम्ही जुन्या उष्णतेपर्यंतच तपासलं होतं. वाढवलेल्या उष्णतेला ते टिकेल की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, तरी आम्ही हो म्हटलं. मिलानने विचारलं होतं, कुठपर्यंत तपासलं होतं? तिने सांगितलं.

मिलानने मिशांवरून हात फिरवला. मग जे बोलला तेही वैशालीने मला शब्दाला शब्द सांगितलं. "त्या दिवशी मला शंका आली होती. इतक्या लवकर हो कोणी म्हणत नाही. पण मी पुन्हा विचारलं नाही. मलाही होच हवं होतं."

आणि त्याने पोळीसाठी ताट पुढे केलं.

पारेखसाहेब हात धुऊन लगेच निघाले. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्टची वाट बघताना ते मराठीत बोलले. बडोद्याचे जुने लोक बोलतात तसं, थोडं अडखळत. "मासी, तुमच्या मुलीने आज आमचं नाक कापलं."

"मी तिला गप्प बस म्हणून सांगितलं होतं," मी म्हटलं. "ती माझं ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. "शेडमां केटला माणसो छे, खबर छे?" एवढंच म्हणाले. किती माणसं आहेत ठाऊक आहे का? ठाऊक होतं. लिफ्टमधून कोणीतरी बाहेर आलं, "दोब्री देन" म्हणालं, आणि साहेब आत शिरले.

आत आले तर मिलान सिंकपाशी भांडी विसळत होता. मी त्याच्या हातातून घ्यायला गेले तर म्हणाला, "ने."

कुंपणाबाहेर

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये वैशालीने तेच पुन्हा सांगितलं, आणि मिलाननेही आपलं सांगितलं. दिवसभर चाललं. कडं बडोद्याकडून काढून घेतलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. वैशाली म्हणते, दुसरीकडे दिलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि निदान कडं कुठे आणि का वाकलं ते आता कळलं होतं. मला वाटतं, दोघांनी आपापलं ओझं उचलल्यावर तिसऱ्या कोणावर टाकायला काही उरलं नाही. नवं कडं होऊन, वाढीव उष्णतेला तपासून होईपर्यंत इंजिन जुन्याच उष्णतेवर चालवायचं ठरलं. म्हणजे उशीर. मोठा उशीर. शेड चालू राहिली.

जपून ठेवलेलं दुसरं कडं बसवून त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, तेव्हा यार्मिला मला कारखान्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तारेचं कुंपण, पलीकडे खिडक्या नसलेली एक इमारत, आणि वर मोठं धुराडं. बाकी काही दिसत नाही. आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग तो वाढत गेला, मग आवाज राहिलाच नाही, नुसता पायांखालून थरकाप यायला लागला. शेजारच्या शेतातल्या गाई चरतच होत्या, त्यांना सवय असावी. यार्मिला घड्याळाकडे बघत ओठ घट्ट मिटून उभी होती. नवरा आत असला की बाईचं तोंड कसं होतं ते मी प्रतापनगरला पुष्कळ पाहिलं आहे.

आवाज बंद झाला, पाती न घासता झाला, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. त्या वेळी कुंपणापाशी एवढंच कळलं की थांबला. यार्मिलाने पिशवीतून खसखशीचा गोड पाव काढला, दोन तुकडे केले, मोठा मला दिला.

नोव्हेंबर लागला तेव्हा वैशालीचं प्लास्टर निघालं. त्या दिवसांत तिकडे लोक आपल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. अंधार पडायच्या आत सगळं कब्रस्तान लुकलुकत होतं. फुलं, काचेतल्या ज्योती, कुजबुज. आपल्या सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघत उभं राहावं लागतं, यांना कोणाचीच वाट बघावी लागत नाही. दोन्हींतलं बरं कुठलं ते मेलेल्यांनाच विचारायला हवं. त्या आठवड्यात आम्ही निघालो.

बडोदे

वैशाली अजून थोडी लंगडते. पारेखसाहेबांच्या जागेवर दुसऱ्याला नेमणार आहेत, ते नक्की झालं आहे. तिला कडं तपासायच्या कामावर ठेवलं. भट्टी, मापं, पुन्हा भट्टी. घरी येते तेव्हा कपड्यांना जळक्या तेलाचा वास येतो. जावयांना ते पटलेलं नाही. मला पटलं का, असं कोणी विचारू नये.

संक्रांतीच्या सुमाराला मिलान आणि यार्मिला बडोद्याला आले. तो कामासाठी, ती फिरायला. पारेखसाहेबांनी त्यांना गाव दाखवायचं ठरवलं, आणि यार्मिलाने हट्ट धरला की माझ्याबरोबर भाजीबाजारात जायचं. म्हणून आम्ही सगळेच खंडेराव मार्केटात गेलो. यार्मिला वांगी हातात घेऊन उलटी करत होती, देठ बघत होती, वास घेत होती. भाजीवाली मला म्हणाली, "आ बेन डॉक्टर छे?" मी म्हटलं, "नाही गं. ही घेणार नाही, नुसती तपासेल."

मिलान डोक्यावर टोपी घालून उभा होता. घामाने लाल झाला होता. त्याने पारेखसाहेबांना इंग्रजीत काही विचारलं. नवं कडं कधी तयार होईल ते विचारत होता, एवढं मला कळलं. साहेब नेहमीसारखे हसले. "मार्च," म्हणाले. "मार्च, पक्का."

मिलानने मान हलवली नाही. तो वळला आणि वैशालीकडे बघत राहिला. ती माझ्याजवळ उभी राहून मेथीच्या जुड्या निवडत होती. साहेबही मग तिच्याकडे बघायला लागले. हसू होतं, पण मानेची शीर ताठ झालेली.

वैशालीने एक जुडी खाली ठेवली, दुसरी उचलली, मुळांची माती झटकली.

"जून," ती म्हणाली.

मिलानने मान हलवली. पारेखसाहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "हा. जून."